गाठ एकाची, प्रश्न घरादाराचा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मोठ्या आतड्याच्या गाठी कापून पाहणं, त्यांचे तुकडे पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवणं, स्लाइडवर पेशी तपासणं आणि रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. मी शिकत होते तेव्हा गाठ कुठल्या प्रकारची, किती खोल गेलेली, किती लसिकाग्रंथींत पोचलेली, एवढं लिहिलं की रिपोर्ट पुरा होई. आता त्याखाली जनुकांची नावं येतात. ती वाचून रुग्णाची मुलं फोन करतात, कधी एखादा सर्जनही करतो, "मॅडम, याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?" त्या फोनवर जे वारंवार सांगावं लागलं आणि सांगता सांगता मला स्वतःला जे पटत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. गाठ रातोरात होत नाही

"सहा महिन्यांपूर्वी काहीच नव्हतं हो," असं नातेवाईक सांगतात. त्रास नव्हता हे खरं असतं. गाठ मात्र तेव्हाही होती, आणि त्याच्या कितीतरी आधी तिची सुरुवात झालेली होती.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी मूळपेशी. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत झडून जातात. जन्मभर चाललेल्या या विभागणीत डीएनएची नक्कल करताना चुका होतातच. त्यातली एखादी चूक एपीसी या जनुकात झाली आणि त्याच पेशीतली त्याची दुसरी प्रतही निकामी झाली, की घोळ सुरू होतो. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठू न देणं हे एपीसीचं मुख्य काम. ते साठलं की केंद्रकात शिरतं आणि पेशीला विभागत राहायला लावतं. वर येऊन झडायची ती पेशी झडत नाही, आणि अस्तरावर बारीकसा पॉलिप उभा राहतो. पुढे केरास हे जनुक बदलतं, पॉलिप वाढतो. अठराव्या गुणसूत्राचा तुकडा हरवतो आणि त्याच्याबरोबर स्मॅड४ जातं. शेवटाकडे टीपी५३ निकामी होतं, आणि मग पेशी अस्तराची हद्द ओलांडून आत घुसतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये हा क्रम मांडला. तो आतड्यातच आधी उलगडला याला कारण आहे. लहान पॉलिप, मोठा पॉलिप, कॅन्सर या सगळ्या पायऱ्या इथे डोळ्यांना दिसतात आणि हाती लागतात. स्वादुपिंडात तसं होत नाही. सगळ्याच गाठी या एका वाटेने जात नाहीत हेही सांगायला हवं. उजव्या बाजूच्या काही सपाट, दातेरी कडांच्या पॉलिपांची वाट बीराफ या वेगळ्याच जनुकापासून निघते.

पुढे २००८ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने जनुकांतल्या बदलांवरून हिशेब केला: मोठ्या पॉलिपचा पुढारलेला कॅन्सर व्हायला सुमारे १७ वर्षं लागतात, आणि त्या कॅन्सरला दुसऱ्या अवयवात पसरण्याची ताकद यायला २ वर्षंही लागत नाहीत. म्हणजे आपल्याला मिळणारा जवळजवळ सगळा वेळ पहिल्या टप्प्यात आहे. कोलोनोस्कोपीत काढलेला पॉलिप माझ्या टेबलावर येतो तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. एक कॅन्सर होण्याआधीच संपलेला असतो.

२. रिपोर्टमधलं प्रत्येक जनुक मुलांकडे जात नाही

"बाबांच्या रिपोर्टमध्ये केरास म्युटेशन आलंय. मला पण असेल का?" हा प्रश्न विचारताना तिशीतल्या मुलाचा आवाज कापत असतो. उत्तर सोपं आहे: नाही. हा बदल बाबांच्या आतड्यातल्या काही पेशींत, त्यांच्या हयातीत झाला. त्यांच्या रक्तात तो जन्मापासून नव्हता, त्यामुळे मुलाकडे येण्याचा प्रश्नच नाही.

मोठ्या आतड्याच्या १०० कॅन्सरपैकी साधारण ५ मध्ये आई किंवा वडिलांकडून आलेला एखादा ठळक दोष कारण असतो. बाकीच्यांत बहुतेक बिघाड पुढच्या आयुष्यात झालेले असतात. घरच्यांनी रिपोर्ट वाचताना एवढं एकच विचारावं, की हा बदल गाठीत सापडला की रक्तात. डॉक्टरांनीही हे न विचारता सांगावं. एका वाक्यासाठी माणसं कित्येक रात्री जागून काढतात.

३. औषध सुरू करण्याआधी जनुक बघावं

पसरलेल्या कॅन्सरमध्ये सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही औषधं वापरतात. ती पेशीच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर हा ग्राही बंद करतात. केरास याच मार्गावर, पण त्याच्या खाली बसलेलं आहे. ते आधीच बदलून कायमचं चालू झालं असेल, तर वरचं दार बंद करून काही होत नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण ४० टक्के रुग्णांत केरास बदललेलं असतं, आणि अशांना या औषधांचा उपयोग होत नाही हे २००८ पासून स्पष्ट आहे. नंतर त्याचंच भावंड एनरासही या यादीत आलं.

एवढं माहीत असूनही तपासणीआधीच औषध सुरू झालेलं मी पाहिलं आहे. शेतीचा तुकडा विकून इंजेक्शनं आणलेली, आणि रिपोर्ट नंतर. अशा वेळी मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

४. बाटलीत काय ओतलं, यावर पुढचं सगळं ठरतं

हा मुद्दा छोटा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. काढलेला तुकडा दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मलिनमध्ये, भरपूर प्रमाणात आणि लगेच जायला हवा. तालुक्याच्या गावाहून एसटीने पार्सल येतं, बाटलीत सलाइन असतं, आत तुकडा कुजायला लागलेला. पेशी ओळखता येतात कशाबशा. डीएनए मात्र तुटून गेलेलं असतं. नुसत्या मीठपाण्यामुळे रुग्णाची पुन्हा बायोप्सी करावी लागते. शस्त्रक्रियेच्या आधी नातेवाइकांनी बिनधास्त विचारावं, "फॉर्मलिन आहे ना?" कुणी हसलं तर हसू द्यावं.

५. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं बोलणं खरं निघायला शंभर वर्षं लागली

अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १८९५ मध्ये त्यांच्याकडे कपडे शिवणारी एक बाई त्यांना म्हणाली, की मी लवकर मरणार, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने, कारण आमच्या घरात सगळे तसेच जातात. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची माहिती गोळा करत राहिले आणि १९१३ मध्ये 'फॅमिली जी' म्हणून ती प्रसिद्ध केली. बाई गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली.

पुढे नेब्रास्कातल्या ओमाहा इथले हेन्री लिंच यांनी तसंच दुसरं घराणं पाहिलं, गावोगाव नातेवाईक शोधले आणि १९६६ मध्ये दोन मोठ्या कुटुंबांचा वृत्तांत छापला. कॅन्सर असा पिढ्यांमधून येतो, हे तेव्हाच्या बहुतेक तज्ज्ञांना मान्य नव्हतं. आज तो विकार लिंच सिंड्रोम म्हणूनच ओळखला जातो.

कारण सापडू लागलं १९९३ पासून. डीएनएची नक्कल झाल्यावर तिच्यातल्या चुका तपासणारी प्रथिनं पेशीत असतात. छापखान्यातला मुद्रितशोधक करतो तेच काम. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडी चूक पकडते, एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी ती कापून काढायची व्यवस्था करते. जीवाणूंमध्ये ही यंत्रणा कशी चालते हे पॉल मॉड्रिच यांनी पायरीपायरीने दाखवलं होतं. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी. माणसात या चारांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असेल आणि आतड्याच्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली, तर तिथून पुढे चुका दुरुस्त होत नाहीत. डीएनएमध्ये जिथे एकच अक्षर किंवा अक्षरांची जोडी ओळीने पुन्हा पुन्हा येते, तिथे तर नक्कल हमखास घसरते. त्या जागांची, म्हणजे मायक्रोसॅटेलाइटची, लांबी बदलत राहते, म्हणून या गाठींना 'एमएसआय (मायक्रोसॅटेलाइट इन्स्टेबिलिटी) हाय' म्हणतात. नेहमीच्या पॉलिपला जी वाट चालायला बरीच वर्षं लागतात, ती इथे दोन-तीन वर्षांत संपू शकते.

'फॅमिली जी'मधला दोष एमएसएच२ मध्ये आहे हे २००० साली कळलं. वॉर्थिन १९३१ मध्येच वारले होते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या घराबद्दल सांगितलेलं एका डॉक्टरने लिहून ठेवलं, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं. रुग्णाच्या बोलण्याला दुसरा कुठलाही पुरावा नसतानाही ते लिहून ठेवावं, हे मी यातून घेतलं.

६. चार रंगद्रव्यांची तपासणी प्रत्येक गाठीवर व्हावी

वरच्या चार प्रथिनांसाठी चार वेगळ्या स्टेन असतात. प्रथिन जागेवर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळसर राहतं. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी आणि गाठीच्या पेशी निळ्या, असं चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. तपासणी साध्या ब्लॉकवर होते, मोठं यंत्र लागत नाही.

साधारण १५ टक्के गाठींत यातलं काहीतरी हरवलेलं असतं. म्हणून लगेच 'वारसा' म्हणायचं नसतं. एमएलएच१ हरवण्याचं नेहमीचं कारण म्हणजे त्या जनुकावर मिथाइलचा थर बसून ते बंद पडणं. हे उतारवयात, उजव्या बाजूच्या गाठींत होतं आणि मुलांकडे जात नाही. अशा वेळी बीराफ तपासतो. त्यात व्ही६००ई हा बदल सापडला तर लिंचची शक्यता जवळजवळ संपते. एमएसएच२ हरवलं असेल, किंवा एमएलएच१ हरवूनही बीराफ ठीक आणि मिथाइल नाही असं दिसलं, तर मात्र रक्ताची तपासणी आणि समुपदेशन हवंच.

काही ठिकाणी ही तपासणी फक्त पन्नाशीच्या आतल्या रुग्णांची करतात. मला हे मान्य नाही. लिंचची गाठ साठीतही येते, आणि ती सापडली की तिशीतली मुलं वाचतात.

७. आपल्या वंशावळीत बायका नसतात, आणि निम्मा पुरावा तिथेच असतो

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. कोकणात, देशावर अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, गावं, इनामं, सगळं त्यात सापडतं. पण लेक सासरी गेली की तिची मुलं त्या कागदावरून गेली. लिंचचा दोष मुलगा-मुलगी बघत नाही. आईकडून येवो की वडिलांकडून, प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. शिवाय बायकांमध्ये हाच दोष गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरच्या रूपाने दिसतो, पुष्कळदा आतड्याच्याही आधी.

साताऱ्याकडचे एक गृहस्थ, वय चाळीसच्या आत, उजव्या बाजूची गाठ. फॉर्मवर लिहिलेलं, 'कौटुंबिक इतिहास: काही नाही.' स्टेनमध्ये एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही गायब. मी त्यांच्या आईंना भेटायला बोलावलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"तुमचे यजमान कशाने गेले?"

"काविळीनं. पोट फुगलं होतं. तिशी संपली न्‌ गेले बघा."

"आणि त्यांच्या बहिणी?"

"थोरल्या वन्संची पिशवी काढली होती. धाकट्या वन्सं इस्लामपूरला दिल्या, त्यांचा थोरला ल्योक आतड्याच्या आपरेशनात गेला. पण ते त्यांच्या घरचं झालं की."

कावीळ म्हणजे बहुधा यकृतात पसरलेली गाठ. पिशवी का काढली, हे कुणी विचारलेलं नव्हतं. आणि आत्याचा मुलगा 'त्यांच्या घरचा' म्हणून फॉर्मवर आला नाही. पुढे रक्तात एमएसएच२ चा दोष निघाला, आणि इस्लामपूरला निरोप गेला.

तेव्हापासून 'घरात कुणाला कॅन्सर होता का?' असा एका दमात प्रश्न मी विचारत नाही. आजी-आजोबांपासून एकेक माणूस घेते. माहेरचे, सासरचे, आत्या, मावशी, त्यांची मुलं. कोण कुठल्या वयात गेलं. कुणाची पिशवी काढली आणि का. पोटात गाठ, आतड्याला पीळ, कावीळ असं कुणाच्या बाबतीत बोललं जातं. वेळ लागतो. मला तो वेळ वाया गेलेला कधी वाटला नाही.

८. आई-वडील ठणठणीत असले तरी दोष येऊ शकतो

एपीसीचा दोष जन्मतः असेल तर आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप होतात आणि आतडं वेळेत काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ ठरलेला. अशा घरात मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून सुरू करावी लागते. यातल्या साधारण चौथा हिस्सा रुग्णांच्या आई-वडिलांत काहीच नसतं; बदल त्यांच्यातच नव्याने झालेला असतो.

दुसरं कारण अधिक लपलेलं आहे. एमयूटीवायएच नावाचं एक जनुक डीएनएला ऑक्सिजनमुळे होणारी एक ठरावीक इजा दुरुस्त करतं. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच पॉलिप होतात. वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांनी हे २००२ मध्ये दाखवलं. आई आणि वडील दोघांकडे एकेक सदोष प्रत, दोघंही निरोगी, आणि प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक, असा हा वारसा. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आजही आहे. नात्यात लग्न झालं की तीच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. म्हणून वीस-तीस पॉलिप असलेल्या रुग्णाला मी आई-वडिलांचं लग्नाआधीचं नातं विचारते. रीतीवर बोट ठेवायला नव्हे. कुठलं जनुक आधी तपासायचं ते त्यातून ठरतं.

९. संडासावाटे रक्त म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नये

वर्षभर मूळव्याधीचं मलम, जडीबुटी, आणि मग माझ्या टेबलावर गुदाशयाची मोठी गाठ. भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, पण आपल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांत तरुणांचा वाटा नजरेत भरण्याइतका आहे. तिशीतल्या माणसाला कॅन्सर कसा असेल, या समजुतीत महिने जातात. उजव्या बाजूची गाठ तर रक्तही दाखवत नाही. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जातं. पुरुषात, किंवा पाळी थांबलेल्या बाईत, लोह कमी झाल्याचं कारण सापडत नसेल तर नुसत्या गोळ्या देऊन थांबू नये. कोलोनोस्कोपी करावी.

तरुणांत हा कॅन्सर का वाढतो आहे, याचं पूर्ण उत्तर वारशात नाही. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ११ देशांतल्या ९८१ गाठींचं डीएनए वाचलं गेलं. काही प्रकारचे ई. कोलाय जीवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात आणि त्याची विशिष्ट खूण डीएनएवर राहते. ही खूण चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट अधिक आढळली, आणि ती अगदी लहानपणी पडत असावी असं दिसतं. यावरून लगेच कुणी प्रोबायोटिक विकायला निघालं तर विश्वास ठेवू नका. खूण सापडली आहे, उपाय अजून नाही.

१०. 'अर्थ अनिश्चित' असं लिहिलं असेल तर तसंच समजावं

रक्ताच्या तपासणीत कधी असा बदल निघतो, की तो घातक आहे की निरुपद्रवी हे आजच्या माहितीवर सांगता येत नाही. जगभरच्या जनुकीय माहितीत भारतीय माणसं फार कमी आहेत, त्यामुळे आपल्याकडे असे निकाल जास्त येतात. त्यावरून आतडं किंवा गर्भाशय काढायचा निर्णय घेऊ नये, भावंडांना घाबरवू नये. दर काही वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारावं. अनेक बदल नंतर निरुपद्रवी ठरतात.

११. हा दोष सापडणं म्हणजे फक्त वाईट बातमी नव्हे

शिकत असताना काही स्लाइडवर गाठीच्या पेशींमध्ये लिम्फोसाइट दाटीने घुसलेले दिसत. सर ते दाखवून म्हणत, हा रुग्ण बरा राहील. का, ते तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आता कळतं. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत इतकी चुकीची प्रथिनं तयार होतात, की शरीराची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखते. गाठ मग प्रतिकार करणाऱ्या त्या पेशींना थोपवून धरते. तो थोपवणारा संकेत औषधाने उठवला, तर त्या पुन्हा कामाला लागतात.

मे २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला अशा गाठींसाठी मान्यता मिळाली, अवयव कुठलाही असो. जनुकीय खुणेवर दिलेली तशी ती पहिलीच मान्यता. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून गुदाशयाच्या अशाच गाठींच्या पहिल्या १२ रुग्णांचा अहवाल आला: डोस्टारलिमॅब दिल्यावर सगळ्यांची गाठ नाहीशी झाली, ना शस्त्रक्रिया, ना रेडिएशन. तो वाचला त्या दिवशी मी जुन्या स्लाइड काढून पुन्हा पाहिल्या. गुदाशय काढून आयुष्यभर पोटावर पिशवी बांधून जगणारी किती माणसं मला आठवली.

ही औषधं आपल्याकडे मिळतात, पण किंमत बहुसंख्य घरांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि हे बदलायलाच हवं. स्वस्तातलीही मदत आहे. दुसऱ्या टप्प्यातली गाठ या प्रकारची असेल, तर नुसत्या फाइव्ह-एफयूची केमो द्यावी लागत नाही. ती टाळणं हाच फायदा. आणि न्यूकॅसलच्या जॉन बर्न यांनी लिंच असलेल्या ८६१ लोकांवर केलेल्या चाचणीत, रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतलेल्या गटात पुढच्या काळात ९ टक्क्यांना आतड्याचा कॅन्सर झाला, न घेतलेल्यांत १३ टक्क्यांना. ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. कोलोनोस्कोपी तर आहेच: एमएलएच१ आणि एमएसएच२ मध्ये पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी.

१२. घरात सांगावंच लागतं

"मुलीचं लग्न ठरायचंय मॅडम, हे बाहेर जाऊ देऊ नका." मी बाहेर जाऊ देत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण त्या मुलीपासूनच हे लपवलं गेलं, तर पंचविशीत सुरू व्हायची तपासणी कधीच सुरू होत नाही. एका आईने मला विचारलं होतं, "माझ्यामुळे झालं का पोराला?" दोष तिच्याकडून आला होता हे खरं. तो तिने निवडला नव्हता, आणि तो तिच्याकडून आला हे कळल्यामुळेच तिच्या बाकीच्या दोन मुलांची तपासणी झाली. एकाकडे दोष नव्हता. त्याची दरवर्षीची धास्ती संपली. मुलीकडे तो होता, आणि तिचा पॉलिप कॅन्सर होण्याआधीच निघाला. मी त्या माउलीला हेच सांगितलं.

घरात पन्नाशीच्या आत कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तो माणूस आज हयात नसला तरी उशीर झालेला नाही. शस्त्रक्रिया जिथे झाली तिथल्या पॅथॉलॉजी विभागात जा, जुना रिपोर्ट नंबर द्या आणि पॅराफिनचा ब्लॉक मागा. अनेक ठिकाणी ते दहा-दहा वर्षं जपलेले असतात. त्यावर चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची (एमएमआर) चार स्टेनची तपासणी करून घ्या, आणि निकाल घेऊन कॅन्सर जेनेटिक्सच्या समुपदेशकाला भेटा. मुंबईत टाटा स्मारक केंद्रात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. जाताना आत्या-मावश्यांच्या मुलांची नावं लिहून न्या.